बांबू मे महिन्यात तोडला, गडबड तिथंच झाली

पत्र:

ताई, नमस्कार. मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं नाशिक सोडून चोपडा तालुक्यात सासऱ्यांच्या जुन्या घरी राहायला आलो. सातपुड्याचा पायथा आहे, घराच्या मागे लगेच जंगल सुरू होतं, दोन एकर जागा, मातीच्या छताचं म्हणजे धाब्याचं जुनं घर आणि पुढे पत्र्याची पडवी. हे रिटायर झालेत, हौस खूप, रोज एक नवीन व्हिडिओ बघतात आणि नवीन काम काढतात. मार्चमध्ये साठ रोपं लावली, त्यातली अकरा राहिलीत. उन्हाळ्यात पाणी टँकरने आणलं. मे महिन्यात ताजा बांबू तोडून शेड उभी केली, आता वाशांमधून पिठासारखी भुकटी गळते. जूनमध्ये धाबं गळायला लागलं म्हणून वरून सिमेंट मारलं तर आता आधीपेक्षा जास्त गळतंय. लाकूडफाटा सगळा ओला, स्वयंपाकघरात धूर, आणि परवा लाकडांच्या ढिगातून मण्यार जातीचा साप निघाला. अंगणात मोहाचं मोठं झाड आहे, फुलांच्या दिवसात रात्री अस्वल आलं होतं म्हणून हे झाडच तोडायचं म्हणतात. पाड्यावरच्या एक आजी दरवर्षी त्या झाडाखाली फुलं वेचायला यायच्या, ह्यांनी कुंपण घालून त्यांना बंद केलं, ते मला खटकलंय. हे काम सुरू करतात आणि मी निस्तरते. मला स्वतःला फक्त मागच्या दारी भाजीचा एक वाफा हवा होता, तो राहूनच गेला. मुलगी म्हणते परत या. काय करू?

– सातपुड्याच्या पायथ्याची एक वाचक

उत्तर:

ताई, तुमचं पत्र श्रावणातल्या कानबाईच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन प्रत्येक कामाच्या पुढे तुम्ही लिहिलेला महिना तेवढा गोल केला. मार्चमध्ये रोपं, मे महिन्यात बांबू, जूनमध्ये धाबं, पावसात लाकडं. तिथंच उत्तर दिसलं मला. तुम्ही दोघांनी कष्टात काही कमी केलेलं नाही, आणि कामं निवडली तीही बरोबरच निवडलीत, जंगलाकाठच्या घराला हीच कामं लागतात, फक्त प्रत्येक काम त्याच्या महिन्याच्या बाहेर झालं. शहरात काम कधीही काढता येतं, पेंटर बोलवा जानेवारीत नाहीतर ऑक्टोबरमध्ये, काय फरक पडतो. इथं पडतो, आणि खूप पडतो.

आम्ही शिरपूरच्या वरच्या अंगाला राहायला आलो त्याला आता बावीस वर्षं झाली, आणि पहिल्या वर्षी आमचीही गुरांची शेड अशीच घुणाने खाल्ली होती. पावसाळ्यात रात्री शांत झालं की वाशांमधून कुरकुर कुरकुर आवाज यायचा, सकाळी गुरांच्या पाठीवर पिवळट पीठ पडलेलं. मला त्या वेळी रडू आलं होतं, कारण पैसे उसने आणले होते. म्हणून तुमचं ते भुकटीचं वाक्य मी नुसतं वाचलं नाही, मला तो आवाजच ऐकू आला.

बांबूचंच आधी सांगते. बांबूच्या आत साखर आणि स्टार्च असतो, घुणाच्या भुंग्याला तोच खायचा असतो, लाकडाशी त्याला देणंघेणं नाही. आता बांबू उन्हाळ्यात काय करतो तर पावसात नवे कोंब फुटायचे असतात ना, त्यांच्यासाठी सगळा स्टार्च साठवून बसलेला असतो, म्हणजे मे महिन्यात तोडलेला बांबू म्हणजे भुंग्यासाठी भरलेलं ताट. पाऊस संपून कोंब वाढून झाले की तो साठा कमी होतो. म्हणून आमच्याकडचे पावरा आदिवासी बांबू दिवाळीनंतर तोडतात, कार्तिक ते माघ, आणि तोसुद्धा अंधाऱ्या पक्षात. अंधाऱ्या पक्षाचं मी तपासून बघितलेलं नाही पण महिन्याचं मात्र बावीस वर्षं बघितलंय, ते कधी चुकत नाही. तोडायचा तो तीन वर्षांच्या पुढचा. कोवळा बांबू हिरवागार असतो, त्याच्यावर पांढरी भुकटी आणि पेरांना टोप्या चिकटलेल्या असतात, जुना मळकट पिवळसर दिसतो, अंगावर डाग असतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकला की भरीव आवाज देतो. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या जरा वर कापायचा, खाली वाटीसारखी पोकळी राहू द्यायची नाही, नाहीतर तिच्यात पाणी साचून आख्खं बेट कुजतं.

तोडल्यावर दोन मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे नाल्याच्या किंवा पाटाच्या वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे दगड ठेवून बुडवून ठेवायचा, स्टार्च धुऊन जातो, बांबूला वास येतो पण टिकतो. दुसरा मार्ग टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडचा, शंभर लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक ॲसिड, जमिनीत लांब चर खणून त्यात ताडपत्री अंथरायची, त्यात हे पाणी भरायचं आणि बांबू आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवायचा. एक गोष्ट व्हिडिओमध्ये बरेचदा पटकन निघून जाते, ती म्हणजे बांबूच्या आतले पडदे लांब सळईने आरपार फोडायचे, नाहीतर पाणी आतपर्यंत जातच नाही आणि सगळी मेहनत वरवरची होते. मग सावलीत उभे करून वाळवायचे. ते पाणी गुरांच्या तोंडाशी येऊ देऊ नका आणि नाल्यात ओतू नका. आणि हा बांबू छपराखालीच वापरायचा, उघड्यावर पावसात राहिला तर औषध धुऊन जातं. खांब मातीत गाडू नका, दगडावर किंवा सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यावर उभे करा, कारण मातीत गाडला की घुण राहिला बाजूला, उधई म्हणजे वाळवी येते.

आता उभी आहे त्या शेडचं काय? आत्ता तोडू नका. पावसात काही काढायचं नाही आणि काही घालायचंही नाही. दोन-तीन ठिकाणी जाड लाकडाचे टेकू द्या, खाली गाडी लावू नका, बसू नका, गुरं बांधू नका. तेच टाकणखाराचं पाणी कोरड्या दिवशी ब्रशने मारलं तर नवीन भोकं कमी पडतील, आतलं किडं मरेलच असं नाही. डिसेंबरमध्ये नवा बांबू तयार झाला की एकेक वासा बदलत जा, सगळी शेड पाडायची गरज नाही. तुमच्या स्वतःच्या जागेत बेट असेल तर त्यातला तोडा, कारण २०१७ पासून जंगलाच्या बाहेर खाजगी जागेत वाढलेला बांबू कायद्याने 'झाड' धरत नाहीत. मागच्या जंगलातून मात्र परवानगीशिवाय एक काठी आणायची नाही, तुमच्या ह्यांना, म्हणजे दादांना, हे नीट सांगा, कुंपणाच्या पलीकडे दिसतोय म्हणून तो आपला नसतो.

धाब्याचं मला जास्त टेन्शन आलंय, आणि हे जरा गांभीर्याने घ्या. धाब्याचं छत सागाच्या सऱ्यांवर म्हणजे तुळयांवर, त्यांच्यावर लाकडाच्या फळ्या-काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती असं असतं. ती पांढरी माती ओली झाली की फुगते आणि स्वतःची छिद्रं स्वतःच बुजवते, वाळली की परत श्वास घेते, म्हणून तर आपल्या खान्देशातल्या ४५ डिग्रीच्या उन्हात ही घरं आतून गार राहतात. सिमेंटला हे जमत नाही. खालची माती फुगते-आक्रसते, वरचं सिमेंट कडक, मग त्याला बारीक तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि आत गेलेलं पाणी वर सुकून निघून जायला जागाच राहत नाही. म्हणजे तुमचे सरे आत्ता ओल्या गोणपाटात गुंडाळल्यासारखे बसलेत. शिवाय ओल्या मातीचं वजन आणि सिमेंटचं वजन दोन्ही त्यांच्यावर.

म्हणून पहिलं काम हे, की जास्त गळते त्या खोलीत झोपू नका. रात्री माती झरल्याचा आवाज आला, सरा मध्येच वाकलेला दिसला, भिंत आणि छताच्या सांध्यात नवी फट दिसली तर त्या खोलीतून लगेच बाहेर, सामान नंतर. जाणत्या सुताराला बोलवून सऱ्यांना खालून टेकू लावून घ्या. वरून ताडपत्री टाका, उतार पन्हाळीकडे राहील अशी, कडांना दगडांऐवजी वाळूच्या गोण्या ठेवा. आणि छतावर चार माणसं एकदम चढवू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सिमेंट काढायचं, जुनी मातीसुद्धा थोडी खरवडून कमी करायची, कारण वर्षानुवर्षं लोक मातीवर माती टाकत जातात आणि वजन वाढत जातं. सरे दोन-तीन महिने उघडे वाळू द्या, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर तो सरा बदलायचा. नवी पांढरी माती आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर आणि मृगाच्या आधी, त्या दिवसांतच. उंदरांची बिळं बुजवायची, उगवलेलं गवत मुळासकट काढायचं. आमच्या गावात अजून दोन म्हातारी माणसं आहेत ज्यांना धाबं घालता येतं, तुमच्याही आजूबाजूला कोणी असेल, त्यांना आत्ताच गाठून ठेवा, उन्हाळ्यात त्यांना वेळ नसतो.

आता मोहाचं झाड. ताई, ह्यावर मला थोडं जास्त बोलायचंय.

कायद्याचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. आपल्या राज्यात झाडं तोडण्याबाबतचा १९६४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत मोह आहे, साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, अंजन अशी झाडं आहेत, ही स्वतःच्या मालकीच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तेव्हा कुऱ्हाड लावायचा विषय इथंच बंद करा.

पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मोठा मोह म्हणजे तो लावणारा माणूस आज जिवंत नसतो. मार्च-एप्रिलमध्ये सगळं जंगल करपलेलं असतं, पळसाची फुलं झडून गेलेली, शेतात काही काम नाही, आणि त्या वेळी हे एक झाड रात्रभर फुलं टाकतं, जाड, रसाळ, फिकट पिवळी. पाड्यावरच्या घरांना तो महिना त्याच्यावर निघतो. फुलं वाळवून ठेवतात, भाकरीत घालतात, उकडून खातात, विकतात, नंतर बियांचं तेल काढतात. आणि कुठलं झाड कोणाच्या घराने वेचायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं, जमीन कोणाच्याही नावावर असो. तुमच्या सासऱ्यांच्या काळापासून त्या आजी येत असतील तर तुमच्या सातबाऱ्याइतकंच जुनं ते नातं आहे. कुंपण घालताना दादांच्या मनात काही वाईट नसेल हो, शहरात कंपाउंड ही साधी गोष्ट असते, पण त्या आजींच्या घरचं ते अन्न होतं. तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं.

तेव्हा पोळ्याच्या आत तुम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन या. दादांनीही यायला पाहिजे, तुम्ही एकट्या गेलात तर ते तुमचं माफी मागणं होईल आणि दादांचं कुंपण तसंच राहील. जाताना गूळ-शेंगदाणे घेऊन जा, अंगणात बसा, आणि सरळ म्हणा की आजी, आमचं चुकलं, पुढच्या वर्षी या, फाटक उघडं राहील. लगेच कामाचं काढू नका. त्या दिवशी फक्त एवढंच. नंतर कधी बोलणं निघालं की बांबू, गवत, पाणी ह्यातलं त्यांच्या घरातल्या माणसांना जेवढं कळतं तेवढं तालुक्यात कोणाला कळत नसेल, पण त्यांना कामाला बोलावलं तर रोजाचा दर ठरवून पूर्ण मजुरी द्यायची, 'जरा बघून जा' म्हणून फुकट राबवायचं नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि मला त्याचा फार राग येतो.

अस्वलाचं काय? अस्वल येणारच, कारण फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत पडतात. पण फुलांचा बहर तीन-चार आठवडे असतो, तेवढे दिवस शिस्त पाळायची. खाट झाडाखाली टाकायची नाही. अंधारात संडासला जायचं तर दोघांनी जायचं, हातात बॅटरी, मोठ्याने बोलत जायचं. अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही, ते खाण्यात गुंग असतं आणि आपण अचानक जवळ गेलो की दचकून अंगावर येतं, म्हणून आपला आवाज त्याला आधी पोचला पाहिजे. वेचणाऱ्यांनीही उजाडल्यावरच यावं, हे आजींनाही सांगा, त्यांना माहीत असेलच. खरकटं रात्री बाहेर टाकू नका. आणि जनावर घराजवळ रेंगाळायला लागलं तर हाकलायला स्वतः जाऊ नका, वनविभागाचा १९२६ नंबर आहे, तिथं फोन करा.

मोहाबरोबर अजून एक गोष्ट येते ती आग. फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची सवय आहे, वारा सुटला की तीच आग जंगलात शिरते. तुमच्या अंगणात झाड आहे तर तिथं पाचोळा पेटवायचा नाही, खराट्याने झाडून घ्यायचा आणि खाली जुन्या साड्या जोडून अंथरायच्या, फुलं त्यावर पडतात, माती लागत नाही, आजींचीही कंबर वाचेल. झाडलेला पाचोळा खड्ड्यात टाका, शेणकाला शिंपडा, वर्षभरात चांगलं खत होतं. आणि होळीच्या आधी, म्हणजे आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराचे ढोल वाजायला लागायच्या आत, घराच्या जंगलाकडच्या बाजूने दहा मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून, पाचोळा ओढून एकदम साफ करा. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं ना, तसाच, फक्त आपण जाळायचं नाही, नुसतं कापायचं आणि ओढायचं. आमच्या इथं एका वर्षी आम्ही हे होळीनंतर करू म्हणून ठेवलं आणि मागची सगळी काटेरी कूड एका दुपारी जळून गेली, घर वाचलं कारण वारा फिरला. त्यानंतर मी हे काम कधी पुढे ढकललं नाही.

लाकडं आणि साप हा एकच विषय आहे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, 'आखाजीना पह्यले लाकडे घरमा.' आखाजीच्या आत लाकूड फोडून, वाळवून, छपराखाली. आता श्रावणात तुमच्याकडे कोरडं लाकूड नाही तर सरळ गॅस वापरा, चूल पेटवायच्या हट्टापायी डोळे आणि फुप्फुसं खराब करून घेऊ नका. पुढच्या वर्षीचा ढीग घराच्या भिंतीला टेकून लावू नका, जरा लांब, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच माचाणावर लावा, म्हणजे खालून झाडू फिरवता येतो आणि काय बसलंय ते दिसतं. लाकूड काढताना आधी काठीने हलवायचं, मग हात.

मण्यार मात्र वेगळा आहे, तो रात्री फिरतो, घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि कित्येकदा दुखतही नाही, डास चावला असेल म्हणून माणूस परत झोपतो. म्हणून पावसाळाभर खाटेवर झोपा, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. चावल्याची नुसती शंका आली तरी, पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन, हात-पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, बाबा-भगतांकडे वेळ घालवायचा नाही. तुमच्या जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस रात्रीसुद्धा मिळते हे आत्ताच, ह्या आठवड्यात जाऊन विचारून या. नंबर दारामागे लिहून ठेवा.

पाण्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला वाटतं तुमचा निम्मा थकवा तिथून आलाय. पत्र्याची पडवी आहे ना, मग प्रश्न सुटल्यासारखाच आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. समजा पडवी ३०० चौरस फुटांची आहे, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर, तुमच्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, थोडं सांडतं-उडतं ते वजा करून १५ हजार लिटर सहज येतं. तुम्हा दोघांना प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरलं तर ५००० लिटरची एक टाकी अडीचशे दिवस जाते, दसरा ते मृग! वापरायचं पाणी वेगळं, पण प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघणं बंद होतं. पन्हाळ लावा, पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्या कारण पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते, तोंडाला बारीक जाळी, टाकीला झाकण, आत उजेड जाऊ द्यायचा नाही, आणि प्यायचं पाणी उकळून. धाब्याचं पाणी त्यात घेऊ नका, ते मातीचं असतं. पाऊस अजून महिनाभर आहे, ही एकच गोष्ट अशी आहे जी आत्ता सुरू केली तरी ह्याच वर्षी फळ देईल, म्हणून दादांना हे काम द्या. त्यांचा हात चालतो, हौस आहे, आणि हे चार-पाच दिवसांत पूर्ण होणारं काम आहे. पूर्ण झालेलं एक तरी काम त्यांनाही बघायला मिळू दे.

रोपांचं फार वाईट वाटून घेऊ नका. मार्चमध्ये लावलेलं रोप आपल्याकडच्या उन्हात जगतच नाही, अकरा जगली म्हणजे तुम्ही पाणी चांगलं घातलंत. पुढच्या वेळी खड्डे मे महिन्यात खणून तापू द्या, रोप आर्द्रा नक्षत्रात लावा, आणि साठ नको, वीस. प्रत्येक रोपाजवळ तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरा, आठवड्यातून दोनदा भरलं की पुरतं.

दादांबद्दल तुम्ही लिहिलंत की ते सुरू करतात आणि तुम्ही निस्तरता. मला वाटतं त्यांना थांबवायची गरज नाही, त्यांच्या हाताला महिना लावून द्यायची गरज आहे. भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा आणि दोघांनी बसून त्यावर लिहा, पोळा, दिवाळी, होळी, आखाजी ह्या चार सणांच्या आधी काय व्हायलाच पाहिजे. जे त्या सणाच्या पुढे गेलं ते त्या वर्षी करायचं नाही, असा नियमच करा. आणि नवीन व्हिडिओ बघितला की काम सुरू करायच्या आधी ते कुठल्या महिन्याच्या खाली लिहायचं हे त्यांनी आजूबाजूच्या एका तरी माणसाला विचारून यायचं. बघायचीच आवड असेल तर दोघं मिळून एकदा साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. उजाड झालेलं सुमारे ४०० हेक्टर जंगल गावाने राखून परत उभं केलंय, पावसाळ्यात रानभाज्यांची पाककला स्पर्धाही भरते तिथं. दादांना तिथं माणसांशी बोलता येईल, आणि माणसाला उलट प्रश्न विचारता येतो, व्हिडिओला येत नाही.

परत जायचं का, हा तुमचा खरा प्रश्न. ताई, गळक्या घरात, ओल्या लाकडाच्या धुरात बसून हा निर्णय घेऊ नका. तुम्ही अजून इथलं एकही वर्ष नीट लागलेलं बघितलं नाही. पुढच्या आखाजीपर्यंत थांबा, तोपर्यंत धाबं कोरडं असेल, टाकीत पाणी असेल, फाटक उघडं असेल. तेव्हाही जावंसं वाटलं तर खुशाल जा, त्यात हरल्यासारखं काही नाही, मुलगी काळजीनेच बोलतेय, तिला तसं सांगा. धाब्याचे सरे खराब निघाले आणि खर्च झेपणारा नसेल तर पावसाळ्यापुरतं तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणं हाही मार्ग आहे, तो मनातून काढू नका.

आणि तुमचा वाफा. सगळ्या पत्रात तुम्ही स्वतःसाठी एवढीच एक गोष्ट लिहिलीत आणि तीसुद्धा शेवटाकडे. तो ह्याच आठवड्यात करा. मागच्या दारी, जिथं सकाळचं ऊन येतं तिथं, दहा फूट बाय चार फूट, जमिनीपेक्षा वीतभर उंच म्हणजे पाणी साचणार नाही, कडेला दगड लावा, कुजलेलं शेणखत मिसळा. मुळा आणि पालक आता टाका, मेथी-कोथिंबीर पाऊस ओसरल्यावर. एका कोपऱ्यात वांग्याचं बी टाकून रोप तयार करून ठेवा, नवरात्रात लावलं की थंडीत भरताची वांगी निघतील. आसोद्याकडच्या हिरव्या वांग्यांचं बी माझ्याकडे मागच्या वर्षीचं राखेत ठेवलेलं आहे, चांगलं उगवतं, पुढच्या पत्रात पत्ता लिहा म्हणजे पाकिटातून पाठवते.